कंसानंतरचा स्वल्पविराम

तर झालं असं, की गेल्या मंगळवारी ऑफिसात माझी चांगलीच फजिती झाली.

गेले दीड-दोन महिने मी दर शनिवारी सकाळी रस्ट नावाची भाषा शिकतोय. वय ४८, त्यातली वीसेक वर्षं जावात गेलेली. आमच्या कामाचा काही भाग पुढच्या वर्षी रस्टमध्ये जाणार अशी कुजबुज आहे आणि टीममधली निम्मी पोरं ती आधीच लिहितात. सक्ती कुणी केलेली नाही. पण "तुम्हाला येतं का?" असं कुणी विचारायच्या आधी आलेलं बरं, एवढं शहाणपण या धंद्यात पंचवीस वर्षं काढली की येतंच. शिवाय खरं सांगायचं तर नवी भाषा शिकायला मला आवडतं. निदान आवडायचं.

चार शनिवारांत, एआयच्या मदतीने, मी एक छोटा प्रोग्रॅम उभा केला. सर्व्हरच्या लॉग फाइली वाचायच्या, कुठली एरर किती वेळा आली ते मोजायचं, शेवटी तक्ता छापायचा. मी सांगत गेलो, एआय लिहीत गेला आणि पहिल्या फटक्यात चाललं की हो! मी खूश. मंगळवारी तो कोड टीमसमोर ठेवला. दोन वर्षांपूर्वी कॉलेजातून आलेली एक मुलगी पडद्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "सर, इथे प्रत्येक ओळीचं क्लोन का केलंय?"

क्लोन म्हणजे प्रत काढणं. लाखो ओळींच्या फाइलीतली प्रत्येक ओळ माझा प्रोग्रॅम विनाकारण दुसऱ्यांदा लिहून ठेवत होता. का, ते मला माहीत नव्हतं. "बघून सांगतो," म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा वापरलंय, पण स्वतःच्या कोडबद्दल पहिल्यांदाच वापरलं. तिने मान डोलावली, हसली वगैरे नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

घरी येताना ट्रॅफिकमध्ये विचार करत बसलो. सी मी एकट्याने शिकलो होतो, जावाही जवळजवळ एकट्यानेच. तेव्हा माझा कोड दिव्य असायचा, पण कुठल्याही ओळीवर बोट ठेवून कुणी "हे का?" विचारलं तर कारण सांगता यायचं. बहुतेक वेळा कारण एकच असायचं: "असं नाही लिहिलं तर एरर येते." मग या वेळी काय वेगळं झालं?

या शनिवारी रस्ट बाजूला ठेवली आणि लोक या भाषा फावल्या वेळात, एकट्याने, शिकत कसे आले याचा इतिहास काढून बसलो. जे सापडलं ते लिहितो. लेख जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

*

गोष्ट एप्रिल १९५७ ची. अमेरिकेत पिट्सबर्गजवळ बेटिस नावाची अणुभट्ट्यांवर काम करणारी प्रयोगशाळा, तेव्हा वेस्टिंगहाउस कंपनीच्या हाताखाली. तिथे आयबीएमचं ७०४ हे यंत्र होतं. एका शुक्रवारी दुपारी तिथे टपालाने एक खोकं आलं. वर नाव नाही, आत चिठ्ठी नाही, वापरायचं कसं याचा कागद नाही. नुसती भोकं पाडलेली सुमारे २००० कार्डं. तिथले हर्बर्ट ब्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदाज बांधला, की आयबीएम गेली काही वर्षं ज्याचा गाजावाजा करतंय तो फोर्ट्रानचा कंपायलर हाच असावा.

जॉन बॅकस आणि त्यांच्या गटाने १९५४ साली या कामाला हात घातला होता. तोवर प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे यंत्राच्या आज्ञा एकेक करून मांडायच्या. फोर्ट्रानमध्ये गणिताचं सूत्र जवळजवळ सूत्रासारखंच लिहिता येणार होतं आणि त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर यंत्रच करणार होतं. भाषेचं माहितीपुस्तक १९५६ च्या ऑक्टोबरात निघालं होतं. पण पुस्तक वाचलं म्हणजे भाषा आली असं थोडंच असतं? शिकवणारं कुणी नव्हतं, कारण आयबीएमबाहेर ती वापरलेलंच कुणी नव्हतं.

बेटिसच्या मंडळींनी कार्डं यंत्रात घातली, आपला एक छोटा प्रोग्रॅम त्यामागे घातला आणि वाट बघत बसली. यंत्राने प्रोग्रॅम काही चालवला नाही. त्याऐवजी एक तक्रार छापून दिली. थोडक्यात मजकूर असा: हे अमुक प्रकारचं विधान आहे, पण त्यातल्या उजव्या कंसानंतर स्वल्पविराम नाही.

मंडळींनी पाहिलं, खरंच नव्हता. कार्ड बदललं, पुन्हा घातलं. या वेळी २८ पानं भरून उत्तरं छापून आली आणि ती बरोबर होती.

ब्राइट यांनी ही हकिगत पुढे लिहून ठेवली म्हणून आपल्याला कळते. ती वाचून मी थोडा वेळ नुसताच बसलो. आयबीएमच्या बाहेर कुणीतरी पहिल्यांदा ही भाषा लिहिली आणि यंत्र त्याच्याशी पहिल्यांदा बोललं ते "तू चुकलास, आणि इथे चुकलास" असं. मला तर वाटतं, फोर्ट्रानचा पहिला मास्तर म्हणजे ती छापील तक्रारच.

*

पण हा मास्तर फार वाट बघायला लावायचा. बेटिसला यंत्र हाताशी होतं. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत बहुतेकांच्या नशिबी ते सुख नव्हतं. पद्धत अशी असायची: कागदावर चौकटी-चौकटीत प्रोग्रॅम लिहायचा, त्यावरून कार्डं पंच करायची, रबर बँड लावून गठ्ठा खिडकीवर द्यायचा. आत यंत्रापाशी जायची मुभा फक्त ऑपरेटरला. निकाल कित्येकदा दुसऱ्या दिवशी. एक स्वल्पविराम चुकला तर एक दिवस गेला. गठ्ठा हातातून पडून क्रम बिघडू नये म्हणून लोक त्याच्या कडेवर तिरकी पेन्सिलची रेघ ओढून ठेवत. रेघ जुळली की क्रम जुळला.

एकट्याने शिकू बघणाऱ्यांसाठी पुस्तकं याच काळात आली. डॅनियल मॅक्रॅकन यांचं फोर्ट्रानचं पुस्तक १९६१ चं, शंभर पानांच्या आतलं. ते वाचून अनेक इंजिनियरांनी आपला आपण फोर्ट्रान शिकला.

आपल्याकडेही याच सुमाराला सुरुवात झाली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला टिफ्रॅक १९६० साली कामाला लागला. तिथेच १९६४ साली सीडीसी ३६०० हे मोठं यंत्र आलं आणि देशभरातले वैज्ञानिक आपली गणितं घेऊन कुलाब्याला येऊ लागले. आयआयटी कानपूरला १९६३ साली आयबीएम १६२० आलं. तिथले प्राध्यापक व्ही. राजारामन यांनी ठिकठिकाणच्या अध्यापकांना आणि वैज्ञानिकांना फोर्ट्रान शिकवला आणि १९६९ साली त्याचं पुस्तकही काढलं. आपल्याकडच्या कित्येकांनी प्रत्यक्ष कॉम्प्युटर बघायच्या आधी प्रोग्रॅमिंग वाचलं ते त्यांच्या पुस्तकातून.

आता, चूक कळायला दिवस लागत असेल तर माणूस काय करेल? चुकायचं टाळेल. गठ्ठा देण्याआधी कागदावर प्रोग्रॅम स्वतःच चालवून बघेल. एक्सची किंमत आता काय, आयची काय, हे पेन्सिलीने मांडत जाईल. त्या पिढीतले लोक कोड वाचताना ओठ हलवत वाचतात, तुम्ही पाहिलं असेल. ती सवय खिडकीसमोरच्या रांगेने लावलेली आहे.

पण त्याची किंमतही होती. जो एकदा चुकायला घाबरला तो नवीन काही करून बघायलाही घाबरणार. आणि विद्यार्थी तर हमखास चुकणार. त्यांच्यासाठी पहिला मोठा उपाय केला तो विद्यार्थ्यांनीच. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात १९६५ च्या उन्हाळ्यात पदवीच्या वर्गातल्या चार मुलांनी प्राध्यापक वेस ग्रॅहम यांच्या हाताखाली वॉटफोर नावाचा फोर्ट्रान कंपायलर लिहिला. त्याचा भर दोनच गोष्टींवर: कंपाइल झटपट झालं पाहिजे, आणि चूक काय झाली ते माणसाला समजेल असं सांगितलं पाहिजे. शिकणाऱ्याची गरज काय असते हे नुकतंच शिकलेल्यालाच कळणार, नाही का?

*

दुसरा उपाय त्याच्या एक वर्ष आधी अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात झाला होता. जॉन केमेनी आणि टॉमस कर्ट्झ हे तिथले गणिताचे प्राध्यापक. कॉलेजातली बहुसंख्य मुलं विज्ञानाची नव्हती आणि या दोघांचा आग्रह असा, की कॉम्प्युटर त्यांनाही वापरता आला पाहिजे. वाचनालयात जसं कुणीही जाऊन कपाटातून पुस्तक काढतं तसा. १ मे १९६४ ला पहाटे चारच्या सुमाराला तिथे एकाच यंत्रावर दोन टर्मिनलांवरून बेसिकचे प्रोग्रॅम एकाच वेळी चालले.

बेसिक ही भाषा सोपी होतीच. पण माझ्या मते खरी क्रांती भाषेत नव्हती, टर्मिनलमध्ये होती. एक यंत्र अनेकांमध्ये इतक्या भराभर फिरायचं की प्रत्येकाला ते आपलं एकट्याचं वाटायचं. टाइप करा, चालवा, चूक लगेच समोर. चुकीचे संदेश स्पष्ट आणि मैत्रीचे असावेत, हे तर त्या दोघांनी भाषेच्या उद्दिष्टांतच धरलं होतं. काल खिडकीवर दिलेली चूक आज परत यायची, त्याऐवजी चूक हात की-बोर्डवर असतानाच परत येऊ लागली.

पुढे १९७५ नंतर घरगुती कॉम्प्युटर आले आणि जवळजवळ प्रत्येकात बेसिक होती. डेव्हिड आल यांचं बेसिकमधल्या खेळांचं पुस्तक (पहिली आवृत्ती १९७३) या काळात तुफान खपलं. त्यात खेळांचे अख्खे प्रोग्रॅम छापलेले. मुलं ते बघून बघून टाइप करायची. म्हणजे शुद्ध नक्कल! पण गंमत बघा, नक्कल करतानासुद्धा बोटं चुकायची. शून्याच्या जागी ओ पडायचा, एखादी ओळ राहून जायची, आणि मग अर्धा दिवस ती चूक शोधण्यात जायचा. खेळ चालेपर्यंत मुलाने तो प्रोग्रॅम चार वेळा ओळीन् ओळ वाचलेला असायचा. आपल्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राचं जर्नल उतरवून काढताना जेवढं कळायचं तेवढं वर्गात कळायचं नाही, तसंच हे.

या सगळ्यावर टीका झाली नाही असं नाही. डच शास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ साली लिहून टाकलं, की ज्यांनी आधी बेसिक शिकलंय त्यांना चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळपास अशक्य आहे. भाषेच्या रचनेवर त्यांचा राग होता आणि त्यात तथ्यही होतं. मला हे वाचताना जरा चपापायला झालं. आज मी एआयबद्दल कुरकुर करतोय ती याच जातीची तर नाही ना? प्रत्येक पिढीला वाटतं, आपण कष्टाने शिकलो, पुढचे फुकटात शिकतायत. ही शंका मनात ठेवूनच पुढे वाचलं.

*

आता सी. ही माझी पहिली भाषा, म्हणून इथे थोडा थांबतो.

डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या आसपास सी घडवली. ब्रायन कर्निहन आणि रिची या दोघांचं पुस्तक १९७८ चं. "हेलो, वर्ल्ड" छापणारा पहिला प्रोग्रॅम जगभर पोचला तो त्याच पुस्तकातून. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या प्रोग्रॅमनंतरचा पहिला स्वाध्याय किती जणांना आठवतो? मला आठवत नव्हता, शनिवारी पुस्तक काढून पाहिलं. त्यात सांगितलंय ते असं: हा प्रोग्रॅम तुमच्या यंत्रावर चालवा, मग त्यातले तुकडे गाळून बघा आणि कुठल्या एरर येतात ते पाहा.

म्हणजे ज्याने भाषा बनवली तोच माणूस पहिल्या दिवशी सांगतोय, मुद्दाम चूक. चुकशील तेव्हा यंत्र काय म्हणतं ते घरबसल्या आधीच ऐकून ठेव, पुढे उपयोगी पडेल.

मी हा स्वाध्याय कधीच केला नाही. कारण साधं होतं. १९९६ साली आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये वीस मशिनं, त्यातली चालू चौदा-पंधरा, आणि आमच्या बॅचला आठवड्यातून दोन तास. एका मशिनवर दोघं किंवा तिघं. हाती आलेल्या वेळात मुद्दाम चुका करायला आम्ही वेडे होतो का? घरी कॉम्प्युटर नव्हता. बाजारपेठेत एक क्लास होता, तिथे रात्री नऊनंतर तासावर मशिन मिळायचं. पैसे मोजून बसायचो, तेव्हा आधी फुलस्केप वहीत अख्खा प्रोग्रॅम लिहून, पेन्सिलीने ड्राय रन करून जायचो. आता इतिहास वाचताना कळलं, की १९९६ साली मी राहत होतो ते खरं तर १९६६ सालात.

मग आमचं भागलं कसं? नागपूरच्या यशवंत कानेटकरांमुळे. त्यांचं "लेट अस सी" आमच्या पिढीच्या निम्म्या इंजिनियरांकडे होतं, उरलेल्या निम्म्यांनी त्याची झेरॉक्स काढली. (मी दुसऱ्या निम्म्यातला. क्षमस्व.) त्यात धड्याच्या शेवटी दोन प्रकारचे प्रश्न ठरलेले: पुढच्या प्रोग्रॅमचं आउटपुट काय येईल, आणि पुढच्या प्रोग्रॅममध्ये चूक असल्यास दाखवा. तेव्हा ते परीक्षेचे प्रश्न वाटायचे. आज वाटतं, ज्या वाचकाला मशिन मिळायची मारामार, त्याला या माणसाने चुकाच पुस्तकात छापून दिल्या. कर्निहन-रिचींचा तो पहिला स्वाध्याय, पण विनामशिनचा. एसटीच्या खिडकीशी बसून करता येणारा.

आणि क्लासात मशिनसमोर बसलो, की टर्बो सीचा तो निळा पडदा. त्याचा थोरला भाऊ म्हणजे १९८३ साली आलेला टर्बो पास्कल. अँडर्स हेल्सबर्ग यांनी लिहिलेला, बोरलँडने ४९ डॉलर ९५ सेंटला विकलेला. तोवर एडिटर वेगळा, कंपायलर वेगळा, फ्लॉप्यांची अदलाबदल वेगळी. टर्बो पास्कलने सगळं एकत्र आणलं आणि चूक सापडली की कर्सर थेट त्या जागी नेऊन ठेवला. कंट्रोल-एफ९ दाबायचं, लाल पट्टी यायची, कर्सर लुकलुकायचा. तुम्हीही त्या पिढीचे असाल तर सेमिकोलन विसरल्यावर एरर पुढच्या ओळीवर दिसते, हे तुम्हाला कुणी शिकवलं नसेल. पण ते तुमच्या बोटांना आजही माहीत असेल.

*

एव्हाना मला या सगळ्या इतिहासात एक सरळ रेघ दिसायला लागली होती, गठ्ठ्यावरच्या पेन्सिलीच्या रेघेसारखी. चूक करणं आणि चूक कळणं यांतलं अंतर दर टप्प्यावर कमी होत गेलं. आधी एक दिवस. मग काही मिनिटं. मग काही सेकंद. मग थेट त्या जागेवर कर्सर.

पायथन घ्या. गिडो व्हान रॉसम यांनी ती १९८९ च्या डिसेंबरात ॲम्स्टरडॅममध्ये नाताळच्या सुट्टीत, फावल्या वेळेचा छंद म्हणून सुरू केली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये जगासमोर ठेवली. तिला एकेक ओळ देऊन लगेच उत्तर घेता येतं, फाइलसुद्धा लागत नाही. एल्म ही छोटी भाषा. तिचे कर्ते इव्हान चॅप्लिकी यांनी २०१५ साली एररचे संदेश नव्याने लिहिले, समोर बसून कुणी समजावून सांगावं तसे.

आणि रस्ट. हीसुद्धा मोकळ्या वेळातलीच. ग्रेडन होअर हे कॅनडातल्या व्हँकुव्हरचे. २००६ साली एकदा घरी आले तर इमारतीची लिफ्ट बंद, कारण तिचं सॉफ्टवेअर कोलमडलं होतं. घर एकविसाव्या मजल्यावर! जिने चढता चढता ते चरफडले, की मेमरी वापरताना होणाऱ्या या चुका आपल्याला इतकी वर्षं टाळता येऊ नयेत? त्यातून या भाषेची सुरुवात झाली. नावही लोखंडाच्या गंजावरून नाही, गव्हावर पडतो त्या तांबेऱ्याच्या बुरशीवरून, जी काही केल्या मरत नाही. मोझिलाने २००९ साली प्रकल्प आपल्याकडे घेतला आणि १५ मे २०१५ ला रस्टची पहिली पक्की आवृत्ती आली.

रस्टचा कंपायलर भयंकर शिस्तीचा आहे, पण २०१६ साली त्याचेही एरर-संदेश एल्मचा कित्ता गिरवत बदलले. आज तो चुकलेली ओळ दाखवतो, वस्तू कुठे हातची गेली ते दाखवतो, पुढे काय करता येईल तेही सुचवतो. एररचा नंबर देऊन विचारलं तर अख्खा धडा वाचून दाखवतो. साठ वर्षांत शिकणाऱ्याला इतका चांगला मास्तर कधी मिळाला नव्हता.

आणि मी काय केलं? त्याच्या वर्गात गेलोच नाही. माझ्या जागी एआयला बसवलं.

इथे मला माझ्या शंकेचं उत्तर मिळालं. वॉटफोर, बेसिक, टर्बो पास्कल या सगळ्यांनी चूक लवकर दाखवली. पण चूक शिकणाऱ्याची स्वतःचीच राहिली. डाइक्स्ट्रांचा बेसिकवर कितीही राग असो, बेसिकमधली चूक त्या मुलाच्या बोटांतून आलेली होती. आता प्रथमच चूक मधूनच गायब झाली. म्हणजे एआयही चुकतो, पण तो चुकतो, एरर वाचतो आणि दुरुस्त करतो, सगळं आपापसांत. माझ्यापर्यंत येतं ते चालणारं. माझ्या कोडमध्ये ते क्लोन कशामुळे आलं असेल? जवळजवळ नक्कीच कंपायलरचं तोंड बंद करायला. ते संभाषण माझ्याशी व्हायला हवं होतं. मी त्या खोलीतच नव्हतो.

एआय वाईट आहे असं मी म्हणत नाही. सोमवार ते शुक्रवार मी तो सर्रास वापरतो. काम उरकायचं असेल तेव्हा चूक टळलेलीच बरी. पण शिकायचं असेल तेव्हा?

*

तर दुपारी जेवण झाल्यावर मी तो लॉगचा प्रोग्रॅम पुन्हा उघडला, एआय बंद केला आणि पुस्तकातला तो राहिलेला स्वाध्याय केला. जवळपास तीस वर्षं उशिरा, आणि सीऐवजी रस्टमध्ये. सगळी क्लोनं पुसून टाकली.

अकरा एरर आल्या.

पहिली वाचली. रस्टमध्ये प्रत्येक वस्तूला एका वेळी एकच मालक. तुमचं पुस्तक तुम्ही मित्राला देऊन टाकलंत तर ते त्याचं झालं, मग तुम्ही ते उघडू शकत नाही. नुसतं वाचायला द्यायचं असेल तर तसं सांगून द्यायचं, म्हणजे ते उसनं दिलं, मालकी तुमचीच. माझी ओळ मोजणाऱ्या फंक्शनने मालकीहक्काने घेतली होती आणि पुढे मला ती छापायला हवी होती. एआयने (माझ्या वतीने) काय केलं, तर दर वेळी अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढून दिली. कॉलेजातली माझी सवय त्याला कशी कळली कोण जाणे.

पहिली एरर सोडवायला चाळीस मिनिटं लागली. मुलगी मधे डोकावून म्हणाली, "बाबा, एआयला विचारा ना, दोन सेकंदांत सांगेल." म्हटलं, "तेच तर नकोय." तिला ते पटलं नाही, आणि बारावीच्या मुलीला पटावं असा माझा आग्रहही नाही. दुसरी एरर पंधरा मिनिटांत गेली. पाचवीपासून पुढच्या कशा गेल्या कळलंच नाही. शेवटी एक क्लोन मात्र राहिलं. ते खरंच हवं होतं, कारण तक्त्यात एररचं नाव कायमचं ठेवायचं होतं आणि मूळ ओळ पुढे टाकून द्यायची होती. हे "कारण" मी आता न अडखळता लिहिलंय, बघा!

यापुढे शनिवारचा नियम ठरवलाय. दुपारी जेवणापर्यंत कंपायलर आणि मी, तिसरं कुणी नाही. अडलो तर अडलो. एआयला विचारायचं ते जेवण झाल्यावर, आणि तेही "लिहून दे" म्हणून नाही, "मी असं का चुकलो?" म्हणून. त्याला तेही छान येतं, कुणी विचारत नाही एवढंच.

मंगळवारी त्या मुलीला उत्तर द्यायचंय. अकरापैकी दहा क्लोनांचं कारण "मला येत नव्हतं" हे आहे आणि एकाचं खरंखुरं आहे. दोन्ही सांगीन म्हणतो.

ता. क. : लेख लिहून झाल्यावर प्रोग्रॅम पुन्हा एकदा चालवायला गेलो तर बारावी एरर आली. दुपारच्या आवराआवरीत एक स्वल्पविराम पुसला गेला होता. कंसानंतरचाच.